ओढ्याचा नाला होताना

मृगातला पहिला मोठा पाऊस पडला, की उत्तर कोकणात वलगण सुरू होते. नव्या गढूळ पाण्याची चाहूल लागताच नदीतले आणि डोहांतले मासे प्रवाहाच्या उलट दिशेने चढू लागतात, ओढ्यांतून भातखाचरांत शिरतात आणि तेथील उथळ पाण्यात अंडी घालतात. वलगणीचे मासे धरण्यासाठी रात्री दिवे घेऊन निघालेली माणसे हे वसई तालुक्याच्या पूर्व पट्टीतील नेहमीचे दृश्य होते. तो वर्षातून एकदा येणारा मेजवानीचा प्रसंग तर होताच; पण खाडीपासून डोंगरापर्यंतची पाण्याची वाट अखंड असल्याची ती साक्षही होती. ही वाट आता ठिकठिकाणी तुटत चालली आहे, आणि तिच्या तुटण्याशी केवळ माशांचाच संबंध आहे असे नाही.

वसई-विरारची भूरचना या बाबतीत फार बोलकी आहे. पूर्वेस तुंगारेश्वरचा डोंगर, उत्तरेस वैतरणा आणि तिला मिळणारी तानसा, दक्षिणेस वसईची खाडी. डोंगरातून पश्चिमेकडे उतरणारे ओढे काही किलोमीटरांच्या अंतरात जंगल, खाचरे, महामार्ग, कारखान्यांचे गाळे, रेल्वेमार्ग आणि मिठागरे ओलांडून खाऱ्या पाण्याला मिळतात. तुंगारेश्वरला २००३ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला, त्यामुळे या ओढ्यांच्या उगमाला थोडेफार संरक्षण लाभले. परंतु अभयारण्याची हद्द संपते तेथे ओढा संपत नाही. तेथे फक्त त्याचे नाव बदलते. वर जो ओढा असतो, तो खाली नाला म्हणवला जातो. आणि एकदा नाला म्हटले, की त्यात काय टाकावे याला धरबंध उरत नाही.

माशाचे शरीर त्याच्या पाण्याशी बांधलेले असते. डोंगरी ओढ्यांतील प्राण्यांची अंगरचना वेगवान प्रवाहाशी कशी जुळलेली असते, याचे विस्तृत विवेचन भारतीय मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९३० मध्येच केले होते. दख्खनच्या माशांची वर्णने कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये प्रसिद्ध केली; त्यांतील एका माशाच्या शास्त्रीय नावात ‘मळ्या’ हा मराठी शब्द आजही टिकून आहे. या माशाचे तोंड डोक्याच्या खालच्या बाजूस असते आणि तेथील चकतीच्या आधाराने तो वाहत्या पाण्यात दगडाला चिकटून शेवाळ खरवडतो. वाळूत स्वतःला पुरून घेणाऱ्या मुरीला स्वच्छ वाळू लागते. काठच्या झाडांवरून पडणारे कीटक टिपून जगणारे लहान मासेही असतात. प्रत्येकाचे काम वेगळे आणि त्या कामासाठी लागणारी जागाही वेगळी.

जमिनीचा वापर बदलला, की या जागा एकेक करून नाहीशा होतात. काठची झाडे तुटली म्हणजे सावली जाते, पाणी तापते आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. डोंगर पोखरणाऱ्या खदानींची भुकटी आणि भरावाची माती दगडांच्या फटींत बसते. मग शेवाळ खरवडणाऱ्याला अन्न मिळत नाही आणि दगडाखाली घातलेली अंडी गुदमरतात. तळाला काँक्रीट घातले, की डोह आणि खळाळ यांतला भेदच संपतो. रस्त्याखालच्या मोरीचे तोंड ओढ्याच्या पात्राहून हातभर उंच राहिले, तर वलगणीचा मासा तेथेच अडतो. शेवटी उरतात ते कसल्याही पाण्यात तग धरणारे: हवेतून श्वास घेऊ शकणारे मागूर आणि मरळीच्या कुळातले मासे, डासांसाठी सोडलेले गप्पी आणि १९५२ मध्ये भारतात आणलेला तिलापिया.

येथेच एक फसगत होते. नाल्यात मासे दिसतात, म्हणून नाला जिवंत आहे असे मानले जाते. वास्तविक मासे किती, यापेक्षा कोणकोणती कामे करणारे मासे शिल्लक आहेत, हा प्रश्न महत्त्वाचा. अमेरिकेतील जेम्स कार यांनी १९८१ मध्ये ओढ्यांचे आरोग्य मोजण्याची जी पद्धत मांडली, तिचे मर्म हेच आहे. एखाद्या शाळेतील सारे शिक्षक जाऊन तेवढेच शिपाई नेमले, तर हजेरीपटावरचा आकडा तोच राहील. शाळा मात्र राहणार नाही.

यावर असे म्हटले जाईल, की माणसांना घरे हवीत. हे खरेच आहे. मुंबईत खोली परवडत नाही म्हणून विरारची गाडी पकडणाऱ्या कारकुनाला आणि शिक्षकाला या प्रश्नात दोषी ठरवणे अन्यायाचे होईल. २०११ च्या जनगणनेनुसार या शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांवर गेली होती. इतक्या लोकांना कोठेतरी राहावे लागणारच. परंतु घरे बांधणे आणि ओढे बुजवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या हरित वसईच्या चळवळीने विकासाला नव्हे, तर अशा बेबंदपणालाच विरोध केला होता.

त्या बेबंदपणाची किंमत जुलै २०१८ मध्ये नागरिकांनीच मोजली. नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली गेले, लांब पल्ल्याच्या गाड्या अडकल्या, मिठागरांतील वस्त्यांना पाण्याने वेढले. माशाला चढायला जी वाट लागते, तीच वाट पुराच्या पाण्याला उतरायला लागते. खाचरे अंडी सांभाळत होती, तशीच पावसाचे पाणीही अडवून धरत होती. माशांचे नाहीसे होणे ही त्या पुराची आगाऊ सूचना होती. ती वाचणारे कोणी नव्हते, इतकेच.

आता करण्याजोगे काय आहे? शहराच्या विकास आराखड्यात प्रत्येक ओढ्याला त्याच्या काठासह जागा राखून ठेवणे, तळाला काँक्रीट न घालणे, नव्या मोऱ्यांचा तळ पात्राच्या पातळीखाली ठेवणे, वाहत्या ओढ्यांत परके मासे न सोडणे, ही कामे नगरपालनाच्या नेहमीच्या कक्षेतली आहेत. त्यांना अवाढव्य निधी लागत नाही. लागते ती फक्त ओढ्याला ओढा मानण्याची तयारी. महाविद्यालयांतील प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी दर वर्षी त्याच ओढ्यावर, डोंगरात, खाचरात आणि शहरात अशा तीन ठिकाणी नोंदी ठेवल्या, तर दहा वर्षांत असा दस्तऐवज तयार होईल की नियोजनकारांना तो डावलता येणार नाही. अंड्यांवर आलेले मासे वलगणीत सरसकट न मारण्याचा संयम गावांनाही दाखवावा लागेल.

तुंगारेश्वरच्या माथ्यावर पाऊस पूर्वीसारखाच पडेल आणि पाणी पूर्वीच्याच वाटेने खाली येईल. त्या वाटेवर काय उभे करायचे, एवढेच माणसाच्या हाती आहे. ओढ्याला नाला म्हणण्याची सवय सुटली, तर निम्मे काम झाले असे समजावे.