खोक्यावरचा रंगांचा तक्ता

बीड तालुक्यातील नारायणगडास लोक धाकटी पंढरी म्हणतात, आणि ज्या महाराजांच्या नावाने तो गड ओळखला जातो त्यांस नगद नारायण. या नावातील 'नगद' शब्द मला गेल्या आषाढी एकादशीस, दर्शन आटोपून जवळच्याच गावी भावाच्या घरी टेकले असता, अगदी निराळ्या कारणाने आठवला; कारण भाचीने सहा हप्त्यांच्या उधारीवर मागविलेले एक यंत्र नेमके त्याच दिवशी ओसरीवर खोक्यातून बाहेर निघाले होते, आणि घरातील तीन पिढ्यांच्या बायका त्याच्याभोवती कोंडाळे करून बसल्या होत्या. घरच्या घरी लेझरने अंगावरचे केस कायमचे घालविणारे यंत्र, अशी त्याची कीर्ती भाचीने मोबाईलवर वाचली होती.

यंत्र दिसावयास देखणे होते. पांढरेशुभ्र, मुठीत मावणारे, आणि तोंडाशी अंगठ्याच्या पेराएवढी काचेची खिडकी. भाचीने ते प्रथम दंडाच्या आतल्या बाजूस, जेथे ऊन कधी पोहोचत नाही तेथे टेकविले, तेव्हा लखकन् उजेड पडला आणि वहिनींनी डोळे मिटून घेतले. मग तिने ते मनगटाच्या वरच्या भागास लावले. रोज दुचाकीवरून बीडला नोकरीस जाणाऱ्या मुलीचा तो हात; उन्हाने रापून दंडाहून दोन छटांनी काळवंडलेला. तेथे उजेड पडला नाही. एक बारीक तांबडा दिवा तेवढा लुकलुकत राहिला.

"कामून बंद पडलं गं?" आईने विचारले.

"बंद नाही पडलं आजी," भाची म्हणाली, "त्याला माझा रंगच पसंत नाही."

सगळ्याजणी हसल्या, मी मात्र खोक्यातील इंग्रजी पुस्तिका उघडून बसले. तिच्या मधल्या पानावर गोऱ्यापासून काळ्यापर्यंत सहा चौकोनांचा एक तक्ता होता आणि शेवटच्या चौकोनाखाली फुली. भाचीचा हात मी त्या तक्त्याशेजारी धरला, तेव्हा तो फुलीच्या अगदी अलीकडे, म्हणजे यंत्राच्या मर्यादेच्या उंबरठ्यावर उभा असल्याचे दिसले. खरेदी करण्यापूर्वी जी गोष्ट कळावयास हवी होती, ती पैसे गुंतल्यावर मधल्या पानावर, परक्या भाषेत, कळली.

यात यंत्राचा दोष नाही, हे आधी कबूल केले पाहिजे. थिओडोर मेमन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६० साली माणकाच्या कांडीतून पहिला लेझर काढला. पुढे १९८३ साली अँडरसन व पॅरिश या दोघा डॉक्टरांनी असे तत्त्व मांडले की, प्रकाशाचा रंग आणि त्याच्या झोताचा अवधी नेमका निवडला, तर भोवतालच्या त्वचेस इजा न होता तिच्यातील एखादे रंगद्रव्य तेवढेच तापविता येते. केस काढण्याची सारी विद्या या तत्त्वावर उभी आहे. केसातील काळे द्रव्य, ज्यास मेलॅनिन म्हणतात, उजेड शोषून घेते, तापते, आणि तो ताप मुळाशी जाऊन मूळ निकामी करतो. पिकलेल्या केसात हे द्रव्य उरलेलेच नसते, म्हणून आईच्या पांढऱ्या केसांपुढे ही विद्या हतबल आहे. परंतु तेच मेलॅनिन आपल्या कातडीतही असते. आणि कातडी जितकी सावळी, तितका उजेड मुळापर्यंत पोहोचण्याआधी वरच्या थरातच अडतो व तेथेच ताप निर्माण करतो. गोऱ्या कातडीवरील काळा केस ही या यंत्राची आदर्श स्थिती होय. सावळ्या कातडीवरील काळा केस म्हणजे त्याच्या दृष्टीने अंधारात काळी मांजर शोधणे.

आणखी एक खुलासा येथेच केलेला बरा. बाजारात लेझर म्हणून विकली जाणारी घरगुती यंत्रे बहुतांशी लेझर नसतात. त्यांत छायाचित्रकाराच्या फ्लॅशसारखा दिवा असतो व त्यातून अनेक रंगांचा मिश्र उजेड बाहेर पडतो. या प्रकारास आयपीएल म्हणतात, आणि नामसादृश्यापलीकडे क्रिकेटशी त्याचा काही संबंध नाही. सावळ्या त्वचेस त्यातल्या त्यात मानवतो तो १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर. पण तो त्वचारोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात, ओसरीवर नव्हे. 'कायमचे' या शब्दाचीही शहानिशा करावी. केस आळीपाळीने वाढतात आणि विसावतात. त्या घटकेस जे वाढीच्या अवस्थेत असतील त्यांनाच हा ताप भोवतो, म्हणून महिनोन् महिने पुन्हा पुन्हा उजेड द्यावा लागतो. अमेरिकेचे औषध प्रशासनसुद्धा या बाबतीत 'कायमची घट' एवढेच म्हणू देते, समूळ उच्चाटन नव्हे.

ज्या सहा रंगांच्या वर्गवारीवर असले तक्ते बेतलेले असतात, तिचा इतिहास मला विशेष बोलका वाटला. थॉमस फिट्झपॅट्रिक या अमेरिकी त्वचातज्ज्ञाने ती १९७५ साली योजिली, तीही उन्हाने गोरी कातडी कितपत भाजते हे ठरवून किरणोपचाराची मात्रा बांधण्यासाठी; प्रारंभी तिच्यात चारच प्रकार होते, आणि तपकिरी व काळ्या त्वचेचे पाचवे-सहावे घर मागाहून जोडले गेले. बहुतेक भारतीय त्वचा चौथ्या ते सहाव्या घरात बसते. शेवटची घरे बांधली गेली, पण त्यांत राहणाऱ्यांचा विचार करून यंत्रे घडविली गेली असे अद्याप म्हणवत नाही.

भाचीच्या यंत्रास निदान रंग ओळखण्याची बुद्धी होती व नाकारण्याचा प्रामाणिकपणा होता. शेजारच्या सुनेने याहून पुष्कळ स्वस्तात जे मागविले होते त्यास तीही नव्हती. ते कोणत्याही कातडीवर बिनतक्रार लखलखत असे. तिच्या पोटरीवर मी जे पाहिले ते असे : नखाएवढ्या चौकोनी काळपट डागांची एक सरळ रांग, शिक्का मारल्यासारखी, जणू टपालातल्या कारकुनाने घाईने मोहोर उठविली असावी. डाग पडून चार महिने झाले होते आणि अजून ते फिकटले नव्हते. तिने कोणाकडे फिर्याद केली नाही, कारण या खरेदीची वार्ता सासऱ्यांपर्यंत जाऊ नये हीच तिची पहिली चिंता.

आणि आईचे काय? कुतूहलाच्या भरात तिनेही हात पुढे केला. त्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत गोंदण. तुळशीवृंदावन, खाली वडिलांचे नाव. गोंदणाची शाई उजेड किती अधाशीपणे पिते हे माहीत असल्याने मी तो हात जवळजवळ हिसकावूनच मागे घेतला. तीळ, चामखीळ, गोंदण यांवर हा उजेड पडता कामा नये, ही ताकीदही त्याच इंग्रजी पुस्तिकेत होती. मराठवाड्यातील म्हाताऱ्या बायकांपैकी कितीजणींचे हात कोरे सापडतील?

यावर कोणी म्हणेल, मुळात हा खटाटोप हवाच कशाला. डाळीचे पीठ आणि हळद काय वाईट होती? हा उपदेश मला मान्य नाही. बाईच्या केसांचा निवाडा इतरांनी करावा याची आपल्याकडे लांबलचक आणि लाजिरवाणी परंपरा आहे. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक मंडळींनी विधवांच्या मस्तकास वस्तरा लावावयाचा नाही असा निर्धार केला, तेव्हा ज्यांच्या हाती हत्यार होते त्यांनीच ते खाली ठेवले, ही गोष्ट मला आजही थोर वाटते. केस राखावेत की काढावेत, हे जिचे तिने ठरवावे. मात्र हनुवटीवर वा ओठांवर दाट केस एकाएकी येऊ लागले आणि सोबत पाळीही अनियमित झाली, तर यंत्राआधी डॉक्टर गाठावा. बीजाशयाच्या विकारात ही लक्षणे दिसतात. शिवाय चेहऱ्यावर, विशेषतः सावळ्या त्वचेवर, या उजेडाने केस कमी होण्याऐवजी क्वचित वाढल्याचेही डॉक्टरांनी नोंदविले आहे. लग्नाच्या बोलाचालीत घाईने हे यंत्र मागविणाऱ्या मुलींच्या मातापित्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

माझी तक्रार विक्रेत्यांशी आहे, आणि सरकारशीही. २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांप्रमाणे खोक्यावरील अनिवार्य मजकूर हिंदीत किंवा इंग्रजीत असला की पुरे. मराठीची मुभा आहे, सक्ती नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने वापराच्या पुरेशा सूचना वा धोक्याचा इशारा न देणाऱ्या उत्पादकास नुकसानीबद्दल जबाबदार धरले आहे. परंतु ज्या बाईस वाचताच येत नाही अशा भाषेत दिलेला इशारा पुरेसा कसा मानावा, हा प्रश्न बीडच्या ग्राहक आयोगापुढे कोणीतरी नेलाच पाहिजे. सहा चौकोनांचा तो तक्ता आणि ती फुली पुस्तिकेच्या मधल्या पानात न दडविता खोक्याच्या दर्शनी बाजूस व विक्रीच्या पानावर किमतीच्या शेजारी छापावी, आणि महाराष्ट्रात माल पाठविताना त्याखालचा इशारा मराठीत असावा, एवढा हुकूम निघावयास कोणत्याही खात्याची तिजोरी रिकामी होणार नाही.

तोवर वाचक भगिनींस इतकीच विनंती की, पैसे भरण्यापूर्वी कंपनीकडून तो तक्ता मागवून घ्या, भर दिवसाच्या उजेडात आपला रापलेला हात त्याच्याशेजारी धरा, आणि फुली जवळ असेल तर खोके मागवूच नका. भाचीचे यंत्र परत घेण्यास विक्रेत्याने नकार दिला, सील फुटले या सबबीवर. तिचे चार हप्ते अजून बाकी आहेत.