वीस पटाच्या आतली शाळा

पदव्युत्तर वर्गात एखादा विद्यार्थी कविता उत्तम म्हणतो, आणि तिच्यात काय चालले आहे असे विचारताच गाइडातली वाक्ये पुढे करतो, हा अनुभव मराठीच्या अध्यापकांना नवा नाही. त्याचा दोष आम्ही कधी कनिष्ठ महाविद्यालयाला देतो, कधी ‘हल्लीच्या पिढी’ला. वस्तुतः अर्थावाचून वाचण्याची ही सवय पहिली-दुसरीतच जडलेली असते. म्हणून खेड्यातल्या प्राथमिक शाळेचा प्रश्न शिक्षणशास्त्रज्ञांवर सोपवून साहित्याच्या लोकांनी मोकळे व्हावे, हे आम्हांस मान्य नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र आणून ‘समूहशाळा’ उभारण्याचे प्रस्ताव मागवले. अशा शाळा राज्यात सुमारे १५ हजार. मुलांना सवंगडी मिळतील, ग्रंथालय आणि क्रीडांगण मिळेल, हा त्यामागचा युक्तिवाद पोकळ म्हणता येत नाही. दोनशिक्षकी शाळेत चार इयत्ता दोन खोल्यांत बसतात; एक गुरुजी प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेले की उरलेल्या एकावर चारही इयत्ता येतात. त्यात पोषण आहाराच्या नोंदी आणि ‘आजच पाठवा’ म्हणून मागितलेली ऑनलाइन माहिती. लहान शाळा म्हणजे आपोआप चांगली शाळा, असे मानणारा भाबडेपणा आम्ही करणार नाही.

प्रश्न आहे तो गुणवत्ता कशाला म्हणायचे हा. २००५ पासून ‘असर’च्या पाहण्यांनी एक साधी कसोटी रूढ केली: अक्षर, शब्द, छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट यांपैकी मुलाला काय वाचता येते ते पाहायचे. या कसोटीने पटावरच्या नावामागचे वास्तव उघडे केले, हे तिचे मोठे काम. परंतु गोष्ट अडखळता वाचली म्हणजे ती कळली, असे तिच्यावरून ठरत नाही. आणि आमच्या दृष्टीने वाचन तर तिथून पुढे सुरू होते.

खानदेशातले मूल घरी ‘आंडोर’ आणि ‘आंडेर’ म्हणते, कोकणातले ‘झील’ आणि ‘चेडू’. पुस्तकात मात्र मुलगा आणि मुलगीच असतात. ही दरी तरी ओलांडता येण्याजोगी. मेळघाटातल्या कोरकू मुलाची भाषा मराठीच्या कुळातलीसुद्धा नाही. ही मुले शाळेत आल्यावर आधी काय होते, तर गप्प होतात. मग फळ्यावरचे सुरात म्हणू लागतात. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यास तो सूर ऐकून समाधान वाटते, आणि तोच सूर पंधरा वर्षांनी आमच्या वर्गात पोहोचतो.

या मौनावर उपाय एकच: मुलाशी बोलणारा, आणि त्याचे ऐकणारा शिक्षक. १८८२ साली हंटर आयोगापुढच्या निवेदनात जोतीराव फुले यांनी मागणी केली होती ती याच जातीची. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातला, प्रसंगी नांगर धरू शकेल आणि लोकांत मिसळेल असा असावा. त्याला पुरेसा पगार असावा. खेड्यातला अभ्यासक्रम शहरातल्यापेक्षा थोडा असला तरी चालेल, व्यवहारोपयोगी असण्यात तो उणा नसावा. फुल्यांनी गुणवत्ता मोजली ती शिक्षक आणि गाव यांच्यातल्या अंतराने. आपण ती पटाने मोजतो.

सतरा मुलांच्या शाळेत प्रत्येकाचे ऐकणे निदान शक्य असते. इटलीतल्या बार्बियाना या डोंगरी वस्तीत लोरेन्झो मिलानी या धर्मगुरूने चालवलेली शाळा अशीच छोटी होती. तिथल्या आठ मुलांनी मिळून लिहिलेले पुस्तक १९६७ साली प्रसिद्ध झाले. मराठीत ते ‘प्रिय बाई’ या नावाने आले. (आपली ‘बालभारती’ही १९६७ सालचीच, हा निव्वळ योगायोग.) चिठ्ठ्यांवर मुद्दे टिपायचे, ते जुळवायचे, एकेक वाक्य सर्वांनी मिळून तपासायचे, अशी त्यांच्या लिहिण्याची रीत होती. आमच्या संशोधनपद्धतीच्या तासाला याहून वेगळे काय सांगितले जाते? मात्र मिलानी दिवसभर मुलांसोबत असत. त्यांना ऑनलाइन माहिती भरायची नव्हती.

पाचवीपुढच्या वर्गांचे एकत्रीकरण हा वादाचा विषय होऊ शकेल. पहिली-दुसरीची शाळा मात्र वस्तीतून हलवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक शाळेसाठी एक किलोमीटरची मर्यादा घातली, ती सहा वर्षांच्या मुलाच्या पायांचा विचार करून. त्याच्या बोलीलाही तेवढेच अंतर झेपते. शाळा गाडीच्या वाटेवर गेली की बोली जाणणारी आजी, मदतनीस ताई, पारावरची माणसे शाळेच्या बाहेर राहतात.

आणि आमच्याकडे काय आहे? विद्यापीठांच्या मराठी विभागांत लोकसाहित्य-संकलनाचे प्रकल्प वर्षानुवर्षे होत आले आहेत. ओव्या, उखाणे, कहाण्या, बोलीतले शब्दसंग्रह: हे सारे ज्या गावांतून विद्यार्थ्यांनी गोळा केले, त्यांतल्या अनेक गावांत आजही वीस पटाच्या आतली शाळा आहे. पण गुण दिले गेले, प्रबंध कपाटात गेले. त्यांतल्या पाच कहाण्या मोठ्या अक्षरांत छापून त्याच गावच्या पहिलीच्या वर्गाला पाठवाव्यात, हे आमच्यापैकी फारसे कोणाला सुचले नाही. कपाटाची किल्ली अजून विभागातच आहे.