आजार जुना म्हणून हक्क बुडत नाही

भातकुलीकडील एक हमाल जिनिंग कारखान्यात सरकीचे पोते पाठीवर असतानाच कोसळला व दवाखान्यात पोचण्यापूर्वी मरण पावला. त्याची विधवा कागद घेऊन आमच्याकडे आली, तेव्हा मालकाचे उत्तर तिला तोंडपाठ झाले होते : त्याला रक्तदाबाचा विकार पूर्वीपासून होता, सबब भरपाई देय नाही. त्यावर तिने एकच प्रश्न विचारला : "बिमार होता, त मंग कामावर कायले घेतला?"

या प्रश्नात कायद्याचे मर्म आहे. धडधाकट शरीर घेऊन कामावर जाणारा मजूर आमच्या समाजात किती? पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या खारे पाणी पिऊन दिवस काढले. ज्यांना जमीन नव्हती त्यांच्याच पाठीवर पोती आली. असे खंगलेले शरीर मालक राबवून घेतो आणि ते मोडले की त्याच्या दुबळेपणाचाच आधार घेऊन हात झटकतो!

न्यायालयांनी हा बचाव सरसकट मान्य केलेला नाही. १९१० साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर आलेल्या प्रकरणात, पान्याने नट आवळताना एका कामगाराची हृदयाजवळची मोठी रक्तवाहिनी फुटली होती. ती इतकी जीर्ण होती की झोपेतही फुटू शकली असती. तरीही भरपाई मिळाली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या एका हृदयरोगी पहारेकऱ्याच्या विधवेने दावा केला, तेव्हा मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या खंडपीठाने तेच तत्त्व स्वीकारले. १९५४ च्या निर्णयसंग्रहात हा निकाल आहे. मृत्यू केवळ रोगाच्या स्वाभाविक गतीने आला असेल तर मालक जबाबदार नाही. परंतु कामाने त्याला हातभार लावला किंवा तो लवकर ओढवला, तर जबाबदारी मालकाची.

मात्र १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, मृत्यू नोकरीमुळे ओढवला हे सिद्ध करण्याचा भार दावेदारावर आहे. २००६ साली प्रवासात हृदयक्रिया बंद पडून मेलेल्या एका वाहन क्लीनरच्या आईचा दावा याच कारणाने टिकला नाही. कामाच्या ताणाचा पुरावाच नव्हता. १९२३ च्या कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. इजा नोकरीमुळे व नोकरीच्या ओघात झालेली असावी, ही अट तिनेही कायम ठेवली आहे.

म्हणून आमच्या बांधवांना सांगणे आहे की, जुना आजार लपवू नका. लपविलेला कागद उलटतपासणीत निघतो व खरा दावाही खोटा ठरतो. त्या दिवशी किती पोती उचलली, किती तास काम झाले, छातीत दुखते असे तो कोणाजवळ बोलला, हे सोबत्यांकडून ताबडतोब लिहून घ्या. शवविच्छेदन टाळू नका.

आणि शासनाकडे आमची मागणी आहे. राज्य कामगार विमा कायद्यात १९६६ च्या दुरुस्तीने असे कलम आले की, नोकरीच्या ओघात झालेला अपघात, विरुद्ध पुरावा नसल्यास, नोकरीमुळेच झाला असे गृहीत धरावे. विम्याबाहेरच्या हमालाच्या विधवेलाही हेच गृहीतक का लागू नसावे? हजेरीपट मालकाच्या कपाटात आणि पुराव्याचा भार मात्र विधवेच्या डोक्यावर, ही वाटणी न्यायाची नव्हे.