शंभर वॅटचा हक्क

सोयाबीनच्या निंदणाचे दिवस होते. अकोला जिल्ह्यातल्या तेल्हारा तालुक्यात, हिवरखेड रस्त्यालगतच्या एका वावरात, धुऱ्यावरच्या ज्या निंबाला पूर्वी ट्रान्झिस्टर टांगलेला असे, तिथे आता पाण्याची कॅन आणि पावसाच्या भीतीने प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाइल लटकत होता. कार्डात भरून आणलेली तीच ती गाणी सकाळपासून वाजत होती. रेडिओ का लावत नाही, असं विचारलं तर निंदणाच्या पातीवरची एक म्हातारी मान वर न करता म्हणाली, "लावू कशाले? रेडूत आपल्या इकडलं काई येतच नाई, बापा."

रेडिओच्या पडझडीचं खापर टीव्हीवर आणि मोबाइलवर फोडण्याची सवय आपल्याला लागली आहे. या बाईचं उत्तर त्याहून नेमकं आहे. तिला इकडलं ऐकायचं आहे. वान धरणाच्या कालव्याचं पाणी कधी सुटणार, अकोटच्या बाजारात तूर काय भावाने गेली, बोंडअळीसाठी या आठवड्यात फवारावं की थांबावं, खारपाणपट्ट्यातल्या गावांना पिण्याच्या पाण्याचा टँकर येणार की नाही, हे तिचे विषय आहेत. तिच्या कानावर वऱ्हाडी पडलं पाहिजे. वऱ्हाडी मराठी कवितेत नेणारे विठ्ठल वाघ याच तेल्हारा तालुक्यातल्या हिंगणीचे. त्यांच्या तालुक्याची बोली लहरींवर ऐकू येऊ नये, ही खंत साधी नाही.

हे कधी जमलंच नव्हतं, असं नाही. फेब्रुवारी ते एप्रिल 1956 या काळात आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोता मंडळं बसवली. आठवड्यातून दोनदा गावकरी एकत्र ऐकत, ऐकून झाल्यावर आपसात वाद घालत आणि शंका केंद्राकडे लिहून पाठवत. त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांतून मिळत. हीच योजना पुढे देशभर नेण्यात आली. 30 ऑक्टोबर 1984 ला नागरकोइलला देशातलं पहिलं स्थानिक केंद्र उघडलं, तेही याच विचाराने: केंद्र जिल्ह्याचं, बोली जिल्ह्याची, माणसंही तिथलीच. अकोल्याचं 102.4 मेगाहर्ट्झवरचं केंद्र त्याच कुळातलं.

आज अशा केंद्रांची अवस्था काय आहे? निवृत्त झालेल्या उद्घोषकांच्या जागा भरल्या जात नाहीत. नैमित्तिक उद्घोषकांना महिन्याला सहा ड्युट्या मिळतात. तेवढ्यावर कोणाचं घर चालत नाही, तरी ही माणसं जीव ओतून बोलतात. बाहेरच्या ध्वनिमुद्रणाला गाडी नाही, माणूस नाही. मग दुसरीकडून आलेला कार्यक्रम पुढे वाजवणं सोपं पडतं. जून 2023 मध्ये तर पुण्यासारख्या केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग हलवायचं ठरलं होतं. ओरड झाली म्हणून तो निर्णय थांबला. पुण्यासाठी ओरडणारे पुष्कळ आहेत. अकोल्याच्या केंद्रासाठी कोण ओरडणार?

खासगी एफएमकडून आशा करण्यात अर्थ नाही. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 234 शहरांतल्या 730 वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. वऱ्हाडातलं अचलपूर त्या यादीत आहे, पण यादी लाखभर वस्तीच्या शहरांची. जिथे जाहिरातदार तिथे वाहिनी, हा त्यांचा हिशेब आहे आणि तो तेल्हाऱ्यापर्यंत कधीच पोचणार नाही. ॲपवर ऐका, असंही सांगितलं जातं. पण वावरात रेंज नसते आणि डेटाला पैसे पडतात. मोबाइलमधल्या एफएमला इअरफोनची वायर हीच ॲन्टेना. नव्या कित्येक फोनांना ती वायर लावायचं भोकच ठेवलेलं नाही. दोन सेलवर महिनोन् महिने चालणाऱ्या डब्याला अजूनही तोड नाही.

तेल्हाऱ्यापुढे वाट आहे ती सामुदायिक रेडिओची. लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच सांगितलं. 2006 च्या धोरणाने सामाजिक संस्था, कृषी विज्ञान केंद्रं आणि कृषी विद्यापीठांना परवान्याचं दार उघडलं. शंभर वॅटची ताकद, तीस मीटरचा मनोरा, दहा-पंधरा किलोमीटरचा पल्ला. तेल्हारा शहर, बेलखेड आणि भोवतालची गावं एवढ्यात सहज येतात. अर्धे कार्यक्रम तरी गावातच तयार झाले पाहिजेत, अशी अटच आहे. यंत्रसामग्रीसाठी केंद्राची अनुदान योजना आहे. म्हसवडला माणदेशी तरंग 2008 पासून बोलतो आहे, बारामतीत वसुंधरा वाहिनी आहे. दुष्काळी माणदेशात हे उभं राहतं, तर कापसाच्या आणि वानच्या पाण्याच्या तालुक्यात न राहण्याचं कारण सापडत नाही.

या वाटेत एक धोंड आहे, आणि ती सरकारने स्वतः ठेवलेली आहे. सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. हवामान, वीज, पाणीपुरवठा, परीक्षा यांची माहिती चालते; आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं पुन्हा ऐकवता येतं. पण वानचं पाणी बाहेर न्यायला विरोध करत तेल्हारा तालुक्यातले शेतकरी रस्त्यावर उतरतात, तेव्हा त्याची बातमी त्यांच्याच रेडिओला सांगता येणार नाही. तालुक्याचं साप्ताहिक ती छापू शकतं. कोणीही उठून ती खरी-खोटी करून व्हॉट्सॲपवर फिरवू शकतो. जबाबदारीने, नावानिशी, परवाना घेऊन बोलणाऱ्या शंभर वॅटच्या केंद्राच्या तोंडावर मात्र हात. हा नियम चुकीचा आहे आणि तो बदललाच पाहिजे.

नियम बदलेपर्यंत थांबण्याचं मात्र कारण नाही. अकोल्याच्या केंद्राला माणसं मिळावीत यासाठी जिल्ह्यातल्या लोकप्रतिनिधींनी दिल्लीत बोलावं. तेल्हाऱ्यातलं एखादं महाविद्यालय, एखादी शेतकरी संस्था, महिला बचत गटांचा एखादा संघ यांनी परवान्याचा अर्ज करावा. नोंदणीला तीन वर्षं झालेली, नफा न घेणारी संस्था पुरते. असा अर्ज करायला तालुक्यात कोणी तयार असेल तर त्याने पुढे यावं. कागदपत्रांपासून पहिल्या दिवसाच्या प्रसारणापर्यंत आम्ही त्याच्या सोबत राहू.