अब्रूचा दावा

चारचौघांत कुणी आपल्याला चोर म्हटले, की माणसाला दोनच गोष्टी सुचतात. एक, म्हणणाऱ्याच्या मुस्कटात भडकावावी. दुसरी, त्याला कोर्टात खेचावे. पहिलीला लागणारे मनगट मजपाशी नाही. मराठीचा प्राध्यापक फार तर अलंकार फेकून मारील! म्हणून गेल्या साली दुसरीचा निश्चय करून मी बडनेऱ्याला गाडीत बसलो आणि अकोल्याला मामांकडे जाऊन थडकलो. मामांची सारी हयात वकिलीत गेली आहे.

प्रकरण साधेच होते. अमरावतीतल्या आमच्या वस्तीच्या गणेशोत्सवाचा मी खजिनदार. उत्सव आटोपला आणि एका सभासदांनी घरोघर पत्रक वाटले: 'वर्गणी खजिनदारांच्या खिशात गेली.' दुसऱ्या दिवशी दूधवाल्याने माझ्या नोटा दोनदा मोजल्या. धाकटी मुलगी त्या साली शेजारी भुलाबाईची गाणी म्हणायला गेली नाही. का, ते तिने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

मामांनी चष्मा लावून पत्रक वाचले. "बरं बाप्पा, भरपाई किती मागू?"

"पैसे नकोत मामा, अब्रू परत हवी."

"अब्रू कोर्टात भेटत नाही. तिथं भरपाईच भेटते."

मग त्यांनी मला धडा दिला. कुणाला मारणे, डांबून ठेवणे, दुसऱ्याच्या वावरात घुसणे, बदनामी करणे, यांना दिवाणी कायद्यात 'अपकृत्ये' म्हणतात. ज्याला झळ लागली त्याने स्वतः दावा लावून भरपाई मागायची. पण प्रत्येक दाव्याला उत्तर असते. आमच्या अमरावतीत १९१४ सालापासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. तिथल्या आखाड्यात आपटला म्हणून कुणी मल्ल दावा लावीत नाही, कारण लंगोट कसला तेव्हाच त्याने संमती दिली. अंगावर धावून आलेल्याला बेताने ढकलले तर ते स्वसंरक्षण. आणि बदनामीच्या दाव्याला सर्वांत बळकट उत्तर म्हणजे, 'लिहिले ते खरे होते!' ते प्रतिवादीने सिद्ध केले की दिवाणी दावा संपला. फौजदारीत मात्र नुसते खरेपण पुरत नाही. ते लोकहितासाठी सांगितले हेही दाखवावे लागते. जुन्या दंडसंहितेत तसे होते, आणि २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या न्यायसंहितेतही तसेच आहे.

"पण तो खोटं बोलतो, मामा!"

"टिळकांचंही तेच म्हणणं होतं," मामा म्हणाले.

टिळक मंडालेच्या तुरुंगात असताना, १९१० साली, व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकाराचे हिंदी असंतोषावरचे पुस्तक निघाले. राजकीय खुनांचा ठपका त्यात टिळकांच्या लिखाणावर ठेवला होता. सुटून आल्यावर टिळकांनी विलायतेत अब्रुनुकसानीचा दावा लावला. १९१९ च्या आरंभी लंडनला तो चालला. चिरोलच्या बाजूने सर एडवर्ड कार्सन उभे राहिले आणि 'केसरी'तले जुने लेख पुढे करून त्यांनी टिळकांनाच उलटतपासणीत घेतले. ज्यूरीने कौल चिरोलला दिला. दाव्याचा खर्चही टिळकांच्या माथी आला.

"पाह्य," मामा म्हणाले, "दावा लावणारा दुसऱ्याले पिंजऱ्यात उभं कराले जातो, अन् आधी सोताच उभा राह्यते. तुले विचारलं, 'वर्गणीतला रुपाया कधी घरात वापरला काय?' तर काय सांगशीन?"

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. विसर्जनाच्या आदल्या आठवड्यात आईला रात्री दवाखान्यात न्यावे लागले होते. हाताशी पेटीतले पैसे होते. दोन हजार काढले आणि पगार होताच पाचव्या दिवशी परत ठेवले. वहीत काढल्याची नोंद नाही, ठेवल्याची नाही. चोरी नव्हती, पण पत्रक सर्वस्वी खोटे होते, असे शपथेवर सांगताना माझी जीभ अडली असती.

मामांनी नजर वळवली. थोड्या वेळाने म्हणाले, "आगरकर आपल्या अकोल्यात शिकून मॅट्रिक झाले. ठाऊक हाय ना?" कोल्हापूरच्या कारभाऱ्यांवर आरोप करणारी पत्रे टिळक-आगरकरांनी खरी मानून छापली, ती बनावट निघाली. फौजदारी खटल्यात शिक्षा होऊन १८८२ साली दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. "चांगली माणसंही खोटं खरं समजून लिहितात. त्या पत्रकवाल्यानं पेटी रिकामी पाह्यली असंन."

पाहिली होतीच. त्या पाच दिवसांत ते मंडपवाल्याचे पैसे मागायला आले होते आणि मी त्यांना उगाच टोलवले होते.

दाव्याची मुदत एक वर्षाची असते. मी ती वापरली नाही. दिवाळीच्या फराळाला वस्ती जमली तेव्हा सगळा हिशेब वाचला, दोन हजारांसह. खाली बसताना पाय कापत होते. दोघे-तिघे उठून गेले. पत्रकवाले गृहस्थ म्हणाले, "त्याच दिवशी सांगितलं असतं, तर मीच दिले असते की." माफी त्यांनी मागितली नाही. मला मागावी लागली.

चिरोलने दूषण म्हणून लिहिलेले 'असंतोषाचे जनक' हे शब्द लोकांनी टिळकांचे भूषण केले. ज्यूरीने नाकारलेले लोकांनी दिले. आमच्यासारख्यांच्या वाट्याला एवढे कुठले! यंदा पेटी त्या गृहस्थांकडे आहे, पावतीपुस्तक माझ्याकडे. आणि धाकटी पुन्हा भुलाबाईला जाऊ लागली आहे.