खैराचा गाभा

कोकणच्या रानात ऐन-किंजळींच्या संगतीने वाढणारा खैर हा दर्शनी रूपाने कोणाचे लक्ष वेधून घेईल असा वृक्ष नव्हे. आकडीसारखे वाकडे जोडकाटे, पिसासारखी बारीक पाने आणि लांबट पट्ट्यांनी सोलवटणारी काळपट साल एवढेच त्याचे बाह्य ऐश्वर्य. सारी संपत्ती तांबड्या गाभ्यात. आणि या गाभ्याची पारख आपल्या पूर्वजांना इतकी पुरातन होती की, रथाला बळकटी यावी म्हणून खदिराच्या साराला केलेले आवाहन ऋग्वेदात आढळते, यज्ञातला स्रुव खदिराचा असावा असा दंडक होता आणि मंगळाच्या शांतीस आजही खैराचीच समिधा लागते. त्वचारोगांवर आयुर्वेदाने त्याला अग्रमान दिला, तर वाळवीला दाद न देणारे लाकूड म्हणून शेतकऱ्याने त्याची मुसळे व औते केली.

तथापि खैराची खरी ख्याती कातामुळे. वरचे पांढरे लाकूड तासून टाकावे, गाभ्याच्या ढलप्या मडक्यांत उकळाव्यात, अर्क गाळून पुन्हा आटवावा आणि दाट झाल्यावर त्याच्या वड्या पाडून वाळवाव्यात, इतकी ही कृती सांगायला सोपी. परंतु कोणते खोड गाभ्यास आले आहे आणि अर्क चुलीवरून नेमका केव्हा उतरवावा, हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या धूर सोसल्यावाचून येत नाही. विड्यात चुन्याशी गाठ पडताच ओठ रंगवणारा हाच कात, त्यातील तुरट द्रव्यामुळे, विलायतेत कातडी कमावण्यास आणि गलबतांची शिडे व कोळ्यांची जाळी टिकाऊ करण्यास उपयोगी पडला.

ही विद्या ठाणे-कुलाब्याकडील कातकऱ्यांची. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर राने उत्तरोत्तर सरकारी अमलाखाली बंदिस्त होत गेली, तोडीला परवाना आणि परवान्यामागे मक्तेदार आला. ज्याच्या हाती कसब होते त्याच्या हाती कागद नव्हता, आणि ज्याच्या हाती कागद होता त्याला कसबी माणूस केवळ रोजंदारीपुरता हवा होता. आज चिपळूणकडे काताचे कारखाने चालतात. कातकरी कुटुंबे मात्र पावसाळा सरताच कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्यांची वाट धरतात.

खैर लावा, असा उपदेश अलीकडे पुष्कळ होतो व तो योग्यही आहे. परंतु हा वृक्ष गाभ्यास येण्यास कित्येक वर्षे घेतो. तेवढा काळ त्याची राखण करण्याचे काम कातकऱ्याकडे द्यायचे असेल, तर खड्डे खणण्याच्या मजुरीवर त्याची बोळवण न करता उत्पन्नातील त्याचा हिस्सा लागवडीच्या दिवशीच दस्तऐवजात नोंदवून द्यावा.