सायकल आपली, मग उत्तर क्लासचं कशाला?

बी.ई.ला आलं की कॉलेजात दोन साथी पसरतात. एक कॅम्पसची आणि दुसरी आयईएलटीएसची! कॅम्पसवर बोलणारे पुष्कळ आहेत, म्हणून मी दुसरीवर लिहितो. त्यातही स्पीकिंगच्या एकाच प्रश्नावर: "डिड यू हॅव अ बाइक व्हेन यू वेअर यंग?"

प्रश्न किती साधा! पण हॉस्टेलवर आम्ही एकमेकांची प्रॅक्टिस घेतो, तेव्हा बहुतेकांकडून एकच उत्तर येतं. वडिलांनी बर्थडेला लाल सायकल दिली, तिला मागे दोन छोटी चाकं होती, मी बागेत शिकलो, सायकलिंगने तब्येत चांगली राहते आणि प्रदूषण होत नाही. पोरगा लातूरचा असो, गडहिंग्लजचा असो की यवतमाळचा, सगळ्यांना लाल सायकल! मग वडिलांची काळी, उंच सायकल दांडीखालून पाय घालून, हाफ पेडल मारत कोण शिकलं?

हे उत्तर क्लासच्या झेरॉक्समधलं आहे. आणि माझं स्पष्ट मत असं की, मार्क वाढतील म्हणून जे पाठ केलं जातं, त्यानेच ते कमी होतात.

जरा परीक्षेचं गणित बघा. स्पीकिंग ११ ते १४ मिनिटांची असते. पहिल्या भागात ४-५ मिनिटं ओळखीचे प्रश्न. दुसऱ्यात एक कार्ड मिळतं, १ मिनिट तयारी आणि १ ते २ मिनिटं बोलायचं. तिसऱ्यात चर्चा. मार्क चार गोष्टींना, चौघींना सारखंच वजन: बोलण्याचा ओघ आणि संगती, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. 'बालपण किती श्रीमंत होतं' याला एकही मार्क नाही! साहेबी हेल काढायचीही गरज नाही, बोललेलं नीट समजलं पाहिजे.

दुसऱ्याचं जर्नल उतरवून व्हायवाला गेल्यावर काय होतं ते आपल्याला सांगायला नको. एक्स्टर्नलने नुसतं "का?" विचारलं की संपलं! इथेही तेच. पाठ केलेलं उत्तर धाडधाड येतं आणि पुढच्या "व्हाय?"ला गाडी पंक्चर. पाठांतर ओळखण्यात परीक्षक तरबेज असतात.

मग सुधारायचं काय? माझ्या मते आधी तीन गोष्टी.

पहिली, 'बाइक' म्हणजे इथे सायकल. आपण बाइक म्हणजे मोटारसायकल समजतो आणि पेट्रोल, अ‍ॅव्हरेज सुरू करतो!

दुसरी, मराठीत सायकल, रिक्षा, ट्रक सगळं 'चालवतात'. म्हणून तोंडातून 'ड्राइव्ह अ सायकल' निघतं. सायकल 'राइड' करतात. आणि 'आय लर्न्ड सायकल' नव्हे, 'आय लर्न्ड टु राइड अ सायकल'.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची, आणि ती आपल्या मराठीतच दडली आहे. 'पडलो' आणि 'पडायचो' यातला फरक आपल्याला शिकवावा लागत नाही. एकदा पडलो तर 'फेल', नेहमी पडायचो तर 'युज्ड टु फॉल'. बालपणाच्या उत्तरात 'जायचो, शिकायचो, भांडायचो' भरपूर येतं. पण आपण म्हणतो 'आय वॉज फॉलिंग डेली'. मनातल्या मराठीत 'यचो' आलं की 'युज्ड टु' लावा, निम्मं काम झालं.

बाकी उत्तराला दोन-तीन वाक्यं पुरतात: सरळ उत्तर, कारण आणि फक्त आपल्यालाच माहीत असलेली एक बारीक गोष्ट. जसं, "येस, बट इट वॉज माय फादर्स. इट वॉज टू बिग फॉर मी, सो आय युज्ड टु पुट वन लेग अंडर द क्रॉसबार. वन्स आय फेल इन्टू अ शुगरकेन फील्ड!" एकही अवघड शब्द नाही, तरी कारण आलं, दोन्ही भूतकाळ आले आणि परीक्षकाला पुढे विचारावंसं वाटेल असं काहीतरी आलं.

आता माझी खरी तक्रार. माझा रूम पार्टनर रोज धाकट्या बहिणीला डबलसीट घेऊन शाळेत जायचा. चढ आला की ती उतरून मागून ढकलायची. मी म्हटलं, हेच सांग की! तर म्हणतो, "हे काय इंग्रजीत सांगायचं असतं का?" इथे दुखतं, मित्रांनो. व्याकरण महिन्याभरात सुधारेल, पण आपलं जगणं इंग्रजीत बोलायच्या लायकीचं नाही, हा न्यूनगंड कुठला क्लास काढणार? उलट तो झेरॉक्समधून पक्का होतो, आणि फी आपण भरतो!

मी त्याला तो किस्सा आधी मराठीत सांगायला लावला. दोन मिनिटं न थांबता बोलला. मग इंग्रजीत. अडखळला, पण शब्द आठवत नव्हता म्हणून, पाठ केलेली ओळ विसरली म्हणून नव्हे. या दोन अडखळण्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मुलींकडे तर तिसऱ्या भागाची तयारीही घरचीच आहे. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी मदत मिळते. सायकलीमुळे मुलीची शाळा कशी टिकते, हे ज्या मैत्रिणीने स्वतः अनुभवलं, तिने 'इको-फ्रेंडली'वर का थांबावं?

तेव्हा ती झेरॉक्स द्या रद्दीत. रोज रात्री मोबाइलवर स्वतःचं एक उत्तर रेकॉर्ड करा, ऐका, चुकलेला काळ दुरुस्त करून पुन्हा बोला. लाल सायकल ज्याची असेल त्याने खुशाल सांगावी. आपली काळी होती ना? मग काळीच सांगा!